वीतभर पांढरं

पैठणहून निघालेला जायकवाडीचा उजवा कालवा गेवराईकडून माजलगावला जातो. त्याच्या कडेच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पांढरी खार फुटते. तिथं मी पहिलं घर बांधलं तेव्हा धास्ती होती ती माती फुगण्याची. खार डोळ्यांसमोर होती, पण डोक्यात आली नाही.

सात-आठ वर्षांनी घरमालकाने बोलावलं. कॉलम जमिनीपासून वीतभर पांढरा पडलेला, अंगठा घासला की पीठ गळायचं. पायाशी उकरलं, तर खाली ओल्या मातीत काँक्रीट ठणठणीत! ओल खालून चढते, वरच्या उन्हावाऱ्याने सुकते, मीठ मात्र आतच खडे धरतं आणि काँक्रीट फोडतं. शिवाय खारीतलं सल्फेट सिमेंटलाच खातं, क्लोराइड सळई गाठतं. गंजलेली सळई फुगली की तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर सुटलंच.

‘सल्फेट-रोधक सिमेंट वापरा’ असं तेव्हा जो तो सांगायचा. नुसतं सल्फेट असेल तर ठीक. क्लोराइडही असलं की ते सिमेंट सळईला तितकं राखत नाही. माझी भिस्त राख मिसळलेल्या सिमेंटवर, म्हणजे पीपीसीवर. परळीच्या थर्मलमुळे राख आम्हाला परकी नाही. सिमेंटमधल्या सुट्या चुन्याशी जमवून ती बारीक भोकं बुजवते. पण सावकाश, आणि तोवर तिला ओल लागते.

इथं घोडं अडतं. माल कालवताना मिस्त्रीचा हात पाण्याला सढळ. “माल सळईत उतरंना की सायेब!” पाणी-सिमेंटचं 0.45 चं प्रमाण धरलं तर 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, वाळूतली ओल धरून. जादा ओतलेलं उडून जातं आणि खारीला आत यायच्या वाटा ठेवतं. पुढं पाणी मारायची वेळ आली की टँकर नाही. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 कोरड्या, उष्ण हवेत राखेच्या सिमेंटला 14 दिवस ओल सुचवतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी गोणपाट कडकडीत वाळलेलं. बोअरचं पाणी मारावं तर तेच खारट.

म्हणून आता टँकरचं पाणी आधी राखून ठेवल्याशिवाय मी पायाचा माल कालवू देत नाही. ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक गुंडाळतो. सळईखाली खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तर काढायला लावतो. पायाला 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉकच.

परवा बादलीला आतून खिळ्याने रेघ ओढून दिली. दुपारी पाहतो तर पाणी रेघेच्या बोटभर वर.

“वाळू लई कोरडी हाय, सायेब.”

मूठ भरून दाबली. बोटांतून सगळी गळून गेली.