हुमणीच्या पोटातला संसार

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका खोलीत पूर्वी फोटो धुवत असत. दिवा मालवून, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून आम्ही तिथे दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचो. डोळे अंधाराला सरावले की बशीतल्या मेलेल्या अळ्या दिसू लागत. फिकट, हिरवट-निळसर, आणि नजर रोखून पाहिलं तर विरून जाणाऱ्या. दिवाळी अंकासाठी लिहिते आहे, तेव्हा इथे पणतीची उपमा हवी. पण ती देववत नाही. ज्या घरात हा उजेड पडतो, तिथे नुकताच खून झालेला असतो.

मारेकरी दोघे. एक सूत्रकृमी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, आणि दुसरा त्याच्या आतड्यात राहणारा फोटोऱ्हॅब्डस नावाचा जिवाणू. उजेड याचाच. सूत्रकृमीचं पिल्लू मातीत काहीही न खाता अळी शोधत हिंडतं. अळीच्या तोंडावाटे, श्वासरंध्रातून किंवा आपल्या इवल्याशा दाताने कातडी फाडून आत शिरतं आणि पोटातले जिवाणू तिच्या रक्तात ओकतं. एक-दोन दिवसांत अळी मरते आणि विटेसारखी लाल होते. खरं नवल पुढचं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे मेलेलं काहीही दुसऱ्या दिवशी घाण मारायला लागतं. ही अळी मात्र सडत नाही, कारण हा जिवाणू प्रतिजैविकं सोडून बाकीच्या जंतूंना तिच्याजवळ फिरकू देत नाही. सूत्रकृमी अळीबरोबर हे वाढलेले जिवाणूही खातात आणि दोन-तीन पिढ्या तिथेच काढतात. शेवटी पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर येऊन तिलाच खातात आणि तिच्या शरीरात चिकटून राहिलेले जिवाणू शिदोरी म्हणून घेऊन निघतात. ही शिदोरी सुरुवातीला एक-दोन पेशींचीच असते. निघणारे प्रवासी मात्र एका अळीतून लाखाच्या घरात.

आमच्या कामाला अळ्या लागतात त्या मेणपतंगाच्या. मधमाश्या पाळणाऱ्यांचा हा हाडवैरी. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, त्यामुळे पोळ्यांची पोखरण करणारा हा किडा इथे ओळखीचा. आमच्याकडे मात्र त्याला मानाचं पान. डब्यात शेतातली माती भरायची, अळ्या सोडायच्या, आठवडाभर थांबायचं. एखादी लाल झाली की त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या उसाला हे सगळं लागतं ते हुमणीपायी, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीपायी. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि परत मातीत जाऊन अंडी घालतात. श्रावण-भाद्रपदात अळ्या मुळं कुरतडतात. वाळलेलं बेट हाताने ओढलं तरी सहज उपटून येतं. औषध खोलवर पोचत नाही. सूत्रकृमी पोचतो.

पण दौंडकडच्या एका शेतकऱ्याने मला अडवलं होतं. ‘‘मॅडम, डाळिंबात सूत्रकृमी मारायला पैसे घालतो, आन् उसात तुम्ही विकत आणून सोडायला सांगता?’’ तक्रार रास्त होती. मुळांवर गाठी आणणारा तो वेगळा, किडी मारणारा हा वेगळा. नाव ठेवणाऱ्यांनी आमची ही पंचाईत करून ठेवली आहे. उसाशी याचं नातं मात्र जुनं आहे. आपल्या उष्ण मातीत टिकणारी ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ ही जात कोइम्बतूरच्या ऊस पैदास संस्थेतले करुणाकर व डेव्हिड यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ पॉइनर यांच्याबरोबर १९९२ मध्ये नोंदवली.

माझी सगळ्यात मोठी फजिती जिवाणूनेच केली. सूत्रकृमी सांभाळण्याचा कंटाळा म्हणून मी एकदा नुसता जिवाणूच काही महिने बशीतून बशीत वाढवत नेला. वाढ झकास. एके दिवशी अंधाऱ्या खोलीत नेला तर उजेड नाही. लाल रंग नाही. त्यावर सूत्रकृमी सोडले तर तेही धड वाढेनात. शास्त्रात याला दुय्यम रूप म्हणतात. मी त्याला घर सुटलेला म्हणते. आयतं जेवण मिळाल्यावर प्रतिजैविकं बनवायची कुणासाठी?

दारोबॅक्टिनची गोष्ट याच जातीची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या गटाने फोटोऱ्हॅब्डसमधून हे नवं प्रतिजैविक शोधलं. दवाखान्यांना हैराण करणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंवर ते चालतं. पण प्रयोगशाळेत जिवाणू ते इतकं कमी बनवत होता की अर्क आटवून दाट केल्यावरच हाती लागलं.

म्हणूनच ‘सूत्रकृमी कशाला, जिवाणूचीच पावडर काढा की’ असं कुणी सुचवलं की मी मान हलवते. ही जोडी आहे, आणि जिवंत आहे. एका दुकानातून आणलेलं पाकीट मी भिंगाखाली पाहिलं, तर सगळे सुतासारखे सरळ, निपचित. वर तापलेला पत्रा, दुसरं काय होणार! तेव्हा पाकीट सावलीत, थंड जागी ठेवलेलं असेल तरच घ्या. चिमूटभर पाण्यात टाकून भिंगाखाली बघा. वळवळ दिसली तर ऊन उतरल्यावर, ओल्या रानात, मुळाशी सोडा. वळवळ नसेल तर पाकीट परत करा.