ओवी, फीत आणि सीमेवरचे जाते

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेक ओव्या फितीवर आल्या. परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ सालचा. २०१७ पासून ही ध्वनिमुद्रणे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळामुळे पुन्हा लोकांसमोर आली.

छापील संग्रह आधीही होते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' त्यांतले ठळक. पण छापताना 'गं बाई' गळते, एकच चरण घोळवून म्हणणे गळते, मध्येच घेतलेला श्वास तर कागदावर उतरतच नाही. फितीने हे सगळे राखले, हे तिचे मोठे ऋण.

फिती ऐकताना 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण अडते. म्हणीत दाणे आहेत, जाते आहे, सूप आहे. एका हाताने मूठ वैरणारी, दुसऱ्याने खुंटा ओढणारी बाई नाही. म्हण करणारा दळणाला कधी बसलाच नव्हता काय? की दळणारीनेच ती केली? नांदायला गेलेली थोरली जात्यात, परकरातली धाकटी सुपात, असे तिला दिसले असेल, तर ती म्हणीबाहेर नाही, दाण्यांतच आहे.

कर्नाटकाच्या सीमेवर, गडहिंग्लजकडे, गुंता वाढतो. आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. सोयरिकीही तशाच हुक्केरी, संकेश्वरकडे जातात. कानडीतही दळणाची गाणी आहेत, तीन ओळींच्या त्रिपदीत. कर्नाटकातल्या हलसंगी गावच्या मंडळींनी १९३१ साली ती 'गरतिय हाडु' या नावाने छापली. हुक्केरीकडची सून सासूसमोर जात्याला बसली, की खुंटा एक आणि दोघींच्या माहेरची गाणी दोन भाषांतली. तिने आईची त्रिपदी मराठीत वळवून म्हटली, तर ती कोणाच्या खात्यात धरायची? संग्रहाला गाव, तालुका, भाषा लागते. ती नोंद हवीच, नाहीतर गाणारीचे नावही उरत नाही. पण भाषेच्या रकान्यात एकच शब्द मावतो.

गिरणी आली आणि रोजचे दळण थांबले. आता लग्नाच्या हळदीला जाते पूजतात, तेव्हा ओव्या निघतात. तिथे पहिली ओवी कोण काढते, कोणत्या भाषेत, हे घराघरावर आहे. आणि काढणारीला विचारले, तरी ती ओवी सासरची की माहेरची हे तिला सांगता येईलच असे नाही.