समोर कोण बसलंय?

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्याला दुभाष्याचं काम शिकवावं लागत नाही. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती. नोकरीतही तेच कामाला आलं.

२०१७ साली एका पोर्टलसाठी पेन्शनरांच्या अर्जाचा कंपोनंट लिहीत होतो. जावास्क्रिप्टची २०१५ची नवी रूपं वापरायला मजा येत होती. पण सायबर कॅफेत इंटरनेट एक्सप्लोरर ११. त्याला ॲरो फंक्शनचा बाणच कळत नाही. एका बाणापायी अख्खी स्क्रिप्ट बंद, अर्ज कोरा. साहेब म्हणाले, "क्रोम वापरा म्हणावं." सत्तरीतले काका तिथे काय इन्स्टॉल करणार?

मग बेबल लावलं. मी नवं लिहायचं, त्याने जुन्यात उतरवायचं. पण ते वाक्यरचना बदलतं. प्रॉमिससारखी नसलेली गोष्ट पॉलिफिलने वेगळी पुरवावी लागते. एनपीएमची पॅकेजं वेबपॅकने आमच्याच फाइलीत बांधली, म्हणजे पानावरच्या दुसऱ्यांच्या कंपोनंटशी भांडण नको.

जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ११चा सपोर्ट थांबवला. आता नवी पोरं विचारतात, "बेबल कशाला?" मी म्हणतो, कदाचित नकोही. पण आधी सांगा, समोर कोण बसलंय आणि कुठल्या मशीनवर?