एक 'च' आणि बंद पडणारा कॉम्प्युटर



यंदा दशलक्षण पर्वाच्या आधीचा महिना-दीड महिना आमच्या घरात एकच विषय होता, कॉम्प्युटर. स्वयंपाक आणि धर्म सोडून ही आज कुठे निघाली, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, गोष्ट आपल्याच घरातली आहे.

आमचा कॉम्प्युटर सहा वर्षांचा. त्यावर ह्यांचे हिशेब, लेकाचा बारावीचा अभ्यास आणि माझं हे लिखाण. शिवाय सासूबाई सांगतील तशी मी टाईप करत असलेली त्यांची चातुर्मासाची वही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. पालेभाजी बंद झाली की कोणत्या डाळीचं काय करायचं, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय पाहुण्यांचं जेवण कसं उठवायचं. असं बरंच काही.

पाऊस सुरू झाला आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. निळा पडदा, त्यावर रडका चेहरा, आणि आपोआप पुन्हा सुरू. कधी तासात दोनदा, तर कधी दोन दिवस काहीच नाही.

पहिला निकाल मी दिला. लेकाला म्हटलं, "तुझ्या गेममुळेच होतंय हे."

"आई, गेम बंद असतानाही होतंय."

मी ऐकलं नाही. गेम काढून टाकायला लावला आणि रात्री नऊनंतर माऊस कपाटात ठेवायला लागले. तो काही बोलला नाही. फक्त जेवणाच्या ताटावर बोलणं कमी झालं.

दुसरा निकाल दुरुस्तीवाल्याचा, "व्हायरसच आहे, फॉर्मॅट मारावा लागेल." मारला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी निळा पडदा हजर. त्या फॉर्मॅटमध्ये सासूबाईंच्या वहीची टाईप केलेली पानं गेली, कारण मी ती दुसरीकडे कुठेच ठेवली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझ्या डोक्यातली कुठं गेलीत? पुन्हा सांगते." सांगितलीही. पण वय ऐंशीच्या पुढे आहे. दुसऱ्यांदा सांगताना बऱ्याच गोष्टी निसटल्या, आणि काय निसटलं ते आता आम्हा दोघींनाही आठवत नाही.

तिसरा निकाल दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचा, तोही फोनवरून, "मदरबोर्डच गेलाय, नवीन घ्या."

त्याच आठवड्यात मंदिरात स्वाध्यायाला अनेकांताचा विषय निघाला. आपण लहानपणापासून ऐकलंय ते असं, की 'हे असंच आहे' म्हणणं हा एकांत आणि 'हे असंही आहे' म्हणणं हा अनेकांत. सगळा फरक एका अक्षराचा. येताना रिक्षात माझ्या मनात ते तीन निकाल आले. गेममुळेच, व्हायरसच, मदरबोर्डच. तीन माणसं, तीन 'च', आणि आत उघडून एकानेही पाहिलेलं नाही.

घरी आले आणि एक जुनी वही काढली. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, पडद्यावर काय लिहून आलं, दिवे लुकलुकले का, पाऊस होता का, असे रकाने आखले. आपण रोज प्रतिक्रमणात आपले दोष आठवतो, तसे हे कॉम्प्युटरचे. फक्त इथे निकाल द्यायचा नाही, नोंद करायची, एवढाच नियम.

दहा दिवसांत सात नोंदी झाल्या. दोनदा मी मराठी टाईप करत होते. एकदा नुसता चालू होता, कोणी हातही लावला नव्हता आणि लेक तर क्लासला गेलेला. त्या ओळीवर माझं बोट थांबलं. गेम काढून महिना झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

मग वही घेऊन मी लेकाशेजारीच बसले. त्याने समजावलं ते तुमच्याही कामी येईल. कॉम्प्युटर निळा पडदा न दाखवता फटकन बंद होत असेल, तर आधी उष्णता आणि वीज बघायची, म्हणजे पंख्यात साचलेली धूळ, सैल प्लग आणि आतला वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात. निळा पडदा येत असेल तर त्यावरचे शब्द लिहून घ्यायचे. दर वेळी तेच शब्द आले तर बहुधा एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर. दर वेळी वेगळे आले तर मेमरीवर, म्हणजे रॅमवर संशय घ्यायचा. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 41 नंबरची नोंद दिसते, पण ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते सांगत नाही. आमच्या वहीत दर वेळी वेगळे शब्द होते.

रविवारी कॅबिनेट उघडायचं ठरलं. आधी सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, हे शहाणपण महागात शिकले होते. प्लग काढला, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं, धातूला हात लावला आणि मग झाकण काढलं. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आत धूळ होती, आणि तळाशी मुंग्या, पांढऱ्या अंड्यांसकट. "म्हणजे मुंग्यांमुळेच!" असं माझ्या तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. लेक हसला. खूप दिवसांनी.

आता ब्लोअर मारणं शक्य नव्हतं. बाल्कनीत पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा कोपऱ्यात कॅबिनेट आडवं ठेवलं, झाकण उघडं, भरपूर उजेडात. उजेड आणि हालचाल झाली की मुंग्या अंडी तोंडात धरून स्वतःच जागा बदलतात. संध्याकाळपर्यंत निम्म्या गेल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची. उरलेली धूळ मऊ ब्रशने, जयणेने काढली. लेकाने तेव्हा एक गोष्ट सांगितली. 1947 साली, 9 सप्टेंबरला, अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क 2 या संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ती वही आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "बिचारं पाखरू. मेलं ते मेलं, वर दोषही त्याच्याच नावावर."

मुंग्या गेल्यावरही पडदा निळा झालाच. त्याही निर्दोष.

मग एका वेळी एकच बदल. आमच्यात रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढून ठेवली, चार दिवस एकदाही बंद पडला नाही. तिच्या जागी दुसरी लावली, त्याच संध्याकाळी निळा. पट्टी सापडली. लेक म्हणाला, "पण पट्टी खराबच आहे असं अजून म्हणू नको." तो आता मला शिकवत होता. पट्टी उजेडात धरली तर खालच्या सोनेरी दातांवर मळकट थर. आपल्या वसईत एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, मिठागरं. पावसाळी दमट, खारट हवेत कपाटाची कडी गंजते, तर हे का सुटेल? त्याच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने दातांवरून फिरवलं, चुरा ब्रशने झटकला, पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत बसवली. रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून झोपलो. या तपासणीत एक चूक निघाली तरी ती नापास धरायची. सकाळी सामायिकाला उठले तेव्हा पडद्यावर शून्य होतं.

पट्टी बरी होती, मदरबोर्ड बरा होता, व्हायरस नव्हता, मुंग्या नुसत्या राहायला आल्या होत्या. आणि लेक पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि शेवटी क्षमावाणी. दरवर्षी आपण मंदिरात हात जोडतो, फोनवर शंभर जणांना क्षमा मागतो. ज्याच्यावर खरोखर अन्याय केला, त्याला बहुतेक वेळा तोच मेसेज फॉरवर्ड होतो. यंदा मी क्षमावाणीची वाट पाहिली नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या खोलीत गेले आणि नाव घेऊन सांगितलं, "तुझं न ऐकता मी तुला दोषी ठरवलं. माझं चुकलं."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "ठीक आहे गं. आता माऊस कपाटात ठेवायचा की नाही?"

त्यानंतर कॉम्प्युटर आजवर बंद पडलेला नाही. पुढे कधी पडणारच नाही, असं मी म्हणत नाही. वही टेबलावरच ठेवली आहे. तिच्या मागच्या पानांवर सासूबाईंचं चातुर्मासाचं सांगणं आता पेनाने लिहून घेते आहे, आठवेल तेवढं.

उत्तम क्षमा.