ओरडण्यापुरती मराठी

आमची थोरली तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. शारजातलं घर, शुक्रवारची सकाळ. मी ओट्यापाशी पोहे परतत होतो. एकदम माया दाटून आली म्हणून हाक मारली, "ए, इकडे ये गं जरा." ती आली आणि दारातच थबकली. हात मागे घेतलेले, मान खाली. "बाबा, व्हॉट डिड आय डू?"

पोहे खाली लागले. पोरीनं काहीच केलं नव्हतं. पण आमच्या घरात मराठी फक्त ओरडण्यापुरती उरली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अभ्यास इंग्रजीत, झोपतानाची गोष्ट इंग्रजीत, शाबासकी 'गुड जॉब'. दूध सांडलं, की मग आमच्या बदलापूरच्या चाळीतली मराठी बाहेर यायची: 'अक्कल आहे का तुला?', 'किती वेळा सांगायचं?', 'गप बस एका जागी.' माणसाला राग आपल्याच भाषेत येतो, त्याला इलाज नाही. लाड मात्र आम्ही परक्या भाषेत केले, ते ठरवून. शाळेत मागं पडू नये म्हणून.

त्याच दिवशी सुधारलो असतो तर बरं झालं असतं. नाही सुधारलो.

मी २००६ साली शारजाला गेलो. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये होते. एकाच कारखान्यात भरती आणि तिथूनच निवृत्ती, असा त्यांचा हिशेब. माझा हिशेब व्हिसावर. आखातात कितीही वर्षं काढा, नागरिकत्व सहसा मिळत नाही; नोकरी संपली की बाडबिस्तरा आवरायचा. म्हणजे परतायचं हे पहिल्या दिवसापासून नक्की. आणि त्या खात्रीनंच घात केला. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाची मुलं दर रविवारी मराठी शाळेत जायची. १९८१ साली स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ तिकडे अशा शाळांना अभ्यासक्रम पुरवतं, परीक्षाही होतात. आम्ही त्याला हसायचो. म्हणायचो, यांना परत यायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप. आपल्याला जायचंच आहे, गेल्यावर शिकतील पोरं आपोआप. शारजात ओळखीतल्या एक बाई शुक्रवारी घरी मुलं जमवून बाराखडी गिरवून घ्यायच्या. आम्ही दोनदा पाठवलं. तिसऱ्या शुक्रवारी झोप मोडवेना. शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा हिंदी सोडून फ्रेंच घेतलं. का, तर पुढे उपयोगी पडेल. हिंदी घेतली असती तर निदान देवनागरी तरी हाताखालून गेली असती.

बदलापूर आम्ही दाखवलं तेही जुलैत. तिकडच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे मुलांनी हे गाव कायम पावसातच पाहिलं. आंबा संपलेला, जांभळांचा हंगाम उलटलेला. ज्या जांभळांसाठी बदलापूरचं नाव घेतात, ती त्यांनी कधी चाखलीच नाहीत. गणपती आठ-दहा दिवसांवर आले की आमचं परतीचं विमान. माघात अंबरनाथला शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा भरते, ती तर स्वप्नातही नाही. धाकट्याला एकदा शाळेत 'माय कंट्री' काढायला सांगितलं. त्यानं कागदभर निळ्या तिरप्या रेघा ओढल्या, खाली एक छत्री आणि छत्रीखाली आजी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी होड्यांतून बाहेर काढले. आम्ही तेव्हा घरीच होतो. धाकटा टीव्हीकडे बघून म्हणाला, म्हणजे मी बरोबर काढलं होतं.

त्या मुक्कामांतली एक गोष्ट लिहायला हात कचरतो. मुलांचं पोट बिघडू नये म्हणून मी पोचल्याबरोबर वीस लिटरचा जार मागवायचो. आई जीवन प्राधिकरणाचं पाणी उकळून, गाळून तांब्याच्या पिंपात भरून ठेवायची. त्याच पाण्यावर मी वाढलो. एकदा थोरलीनं आजीनं पुढं केलेला पेला सरकवला आणि सांगून टाकलं, "आजीचं पाणी डर्टी आहे." वाक्य तिचं, पण शिकवण माझी. आईनं पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. मी तेव्हा जारवाल्याला पैसे देत होतो.

व्हिडिओ कॉलवर तर कमालच व्हायची. पोरीला जेवढी मराठी येत होती तेवढी ती मनापासून बोलायची, म्हणजे माझ्याकडून ऐकलेली. आजीचा कॅमेरा छताकडे वळला, की "आजी, किती वेळा सांगायचं तुला? अक्कल आहे का?" तिला वाटायचं, मराठीत असंच बोलतात. पहिल्यांदा आई खळखळून हसली. पुढे पुढे "बाबांना दे गं फोन" म्हणायला लागली.

जुलै २०१८ मध्ये उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गजानन मार्केटला कपडे घ्यायला गेलो होतो. ओळखीचे एक वृद्ध सिंधी दुकानदार गल्ल्यावर बसून सिंधी वर्तमानपत्र वाचत होते, अरबी वळणाच्या लिपीतलं. फाळणीनंतर, वयाच्या सातव्या वर्षी, आईचं बोट धरून ते कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत आले. त्या छावणीचं उल्हासनगर झालं १९४९ साली. धाकटा तेव्हा चौथीत. तिकडे मुलांना अरबी सक्तीची, त्यामुळे तो पेपरात डोकावून अक्षरं लावायला लागला. सिंधीत अक्षरं बावन्न, अरबीत अठ्ठावीस. चार टिंबांचं अक्षर आलं की अडायचा, पण रेटत होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांच्या नातवाला यातलं एकही अक्षर येत नव्हतं. मग त्यांनी समोरच्या दुकानाच्या मराठी पाटीकडे बोट केलं, "अब वो पढ़ो, बाबा." मुलगा पाटीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"हमारा सिंध तो उधर रह गया," ते मला म्हणाले, "तुम्हारा तो इधर ही है ना?"

मी दोन जीन्स जास्तीच्या घेतल्या. काहीतरी करायला हवं होतं.

परत आलो ते ठरवून नव्हे. २०२० मध्ये करोनानं नोकरी गेली आणि वंदे भारत मोहिमेच्या विमानानं चौघं आलो. 'गेल्यावर शिकतील'मधलं 'गेल्यावर' असं अंगावर आलं. त्याच वर्षी राज्यात सगळ्या शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा आला, सुरुवात पहिली आणि सहावीपासून. आमचा धाकटा बरोब्बर सहावीत. अकरा वर्षांचा पोरगा मोबाइलवरच्या वर्गात बसून कमळातला 'क' गिरवत होता आणि त्याच्या शेजारी आजी पाटी घेऊन बसलेली. मी शिकवायला बसलो की दहाव्या मिनिटाला आवाज चढायचा. शेवटी आईनंच मला खोलीबाहेर काढलं. तिनं त्याला वाचायला शिकवलं ते किराण्याच्या यादीवर. यादीत रोज एक गोष्ट त्याच्या आवडीची असायची, आणि ती त्यानं वाचली तरच घरात यायची.

थोरली आता कॉलेजसाठी रोज सकाळची बदलापूर लोकल पकडते. दारात उभं राहून वाट अडवणाऱ्या बायकांना ती जे सुनावते, त्याची तिच्या ग्रुपमध्ये ख्याती आहे. उच्चार शुद्ध, शब्द माझे, सूरही माझाच. गेल्या वर्षी निकाल लागला तेव्हा तिनं गाडीतूनच फोन केला. पास झाले, किती टक्के, कोण काय म्हणालं, सगळं भरभरून सांगत होती, इंग्रजीत. मध्येच कुणाचा तरी धक्का लागला असावा. "अहो, डोळे आहेत का?" असं खणखणीत मराठीत ऐकू आलं, आणि मग "सॉरी बाबा, सो ॲज आय वॉज सेइंग..."