बाईंनी स्टेटस पाहिलं!

खरं सांगा, तुमच्या शाळा-कॉलेजातले किती सर आणि बाई तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत? आणि त्यांच्यापासून किती स्टेटस लपवलेत? माझा स्कोअर असा : सहा सर, चार बाई आणि प्रायव्हसी सेटिंग सगळ्यांसाठी एकदम कडक. त्यातल्या एक बाई तर घरातल्याच. माझी आई! नांदेड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर ती शिक्षिका आहे.

आमच्या घराण्यात सोशल नेटवर्किंगचा श्रीगणेशा मामेभावानं केला. वजिराबादच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबानं बसून तो ऑर्कुटवर स्क्रॅप टाकायचा. तिथं सर लोक नसायचे, हीच तर मजा होती. सप्टेंबर 2014 मध्ये ऑर्कुट बंद झालं, तेव्हा मी लातूरला बारावीत होते आणि सर मंडळी फेसबुकवर पोचली होती.

लातूर पॅटर्न म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. टेस्ट, रिव्हिजन, पुन्हा टेस्ट. उद्योग भवन परिसरात क्लास सुटला की सायकलींचा पूर यायचा, आणि रूमवर मेसचा डबा थंड होऊन पडलेला असायचा. अशात एका रात्री फिजिक्सच्या सरांची फ्रेंड रिक्वेस्ट आली. नाही कसं म्हणणार? ॲक्सेप्ट केली आणि सुखाचे दिवस संपले. रात्री साडेअकराला ऑनलाइन दिसले की मेसेज यायचा, ‘न्यूटन झोपला का?’

पण एक मान्य करायलाच हवं. सर रोज रात्री एक प्रॉब्लेम पोस्ट करायचे आणि आम्ही कमेंटमध्ये सोडवायचो. सव्वाशे पोरांच्या वर्गात जिनं कधी हात वर केला नाही, ती मुलगी तिथं बिनधास्त उत्तरं लिहायची. ती मुलगी म्हणजे मीच. पुढे सरांनी टेस्टच्या मार्कांची यादीही तिथंच टाकली. माझे शंभरात 41. नांदेडच्या आत्यानं ती यादी लाइक केली, आणि त्या शनिवारी घरी जाताना एसटी अहमदपूरला थांबली तरी माझ्या घशाखाली चहा उतरेना.

आई या भानगडीत उशिरा पडली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असा सरकारी कार्यक्रम आला. आईच्या सातवीत 31 मुलं, स्मार्टफोन 11. तेही वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात. म्हणजे गृहपाठ पोचणार रात्री आठनंतर. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेतच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्याच कामासाठी डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आईनं शाळेच्या ग्रुपवर पेढ्यांच्या पाच इमोजी टाकल्या आणि मला म्हणाली, “कोड भारी आहे ग. पण फोन गेलाय सांगलीला.”

ते खरंच होतं. दिवाळी झाली की गावातली बरीच घरं उचल घेतलेल्या मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातात. फोन गेला की शाळाही गेली. आईनं मग त्या नंबरांवर आवाजात धडे पाठवायला सुरुवात केली. उत्तरं कधीकधी तीन दिवसांनी यायची. त्यातलं एक मी स्वतः ऐकलंय. मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज, आणि एक मुलगी म्हणतेय, “बाई, मी फडातून बोलायले. तिसरं गणित जमंना.”

2023 च्या उन्हाळ्यात, रात्री साडेदहाला आईचा फोन आला. तोवर मी पुण्यात होते.

“झोपलीस का ग? एक फोटो बघ.”

त्याच मुलीच्या भावाचं स्टेटस. हळद लागलेली, हातभर मेंदी, वर ‘ताईचं लग्न’ आणि नाचणारी अक्षरं. ताई पंधरा वर्षांची, नुकतीच नववी झालेली.

मी पत्रकार. तरी पहिलं वाक्य काय बोलले असेन? “आई, तू यात पडू नकोस. त्याला दिसणार की तू पाहिलंस.” स्टेटस कुणी पाहिलं याची यादी समोरच्याला दिसतेच ना.

“म्हणूनच,” आई म्हणाली. “पाहिलंय मी. आता पाहिलं नाही असं कसं म्हणू?”

तिनं 1098 ला फोन लावला, मग ग्रामसेवकांना. गावात बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर असते. लग्न थांबलं. अठरा पूर्ण होईपर्यंत करणार नाही, असं हमीपत्र आईवडिलांनी लिहून दिलं. आणि दुसऱ्याच दिवशी भावानं आईला ब्लॉक केलं. तीन वर्षं ज्या नंबरावर गणितं गेली, त्यावर आता एकच करडी टिक. मुलीचा स्वतःचा फोन नव्हताच. तिला हे हवं होतं की नव्हतं, हे आईला विचारताही आलं नाही. महिनाभर ती धड जेवत नव्हती, हे मला बाबांनी नंतर सांगितलं.

जुलै 2025 मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचे नियम काढले. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, असं त्यात आहे. नियम बरोबरच आहे. पण आईकडे एकच नंबर आहे. पोषण आहाराचा फोटोही त्याच नंबरावरून जातो आणि पालकांच्या घरची हळदही त्याच नंबरावर दिसते. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री नंबर दोन असते, तर ते स्टेटस तिला दिसलंच नसतं.

मुलगी मार्च 2024 मध्ये दहावीला बसली, एवढं आईला शाळेच्या गाडीत कुणाकडून तरी कळलं. आईचा फोन दर महिन्याला भरतो. मग ती गुड मॉर्निंगची फुलं उडवते, ट्रेनिंगचे व्हिडिओ उडवते. फडातलं ते रेकॉर्डिंग अजून आहे.

मी मात्र आईला माझ्या स्टेटसच्या लपवालपवीतून अजून मोकळं केलेलं नाही.