शोकाची विलंबित लय

भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्र्यावर घाव पडत असतात. तो दणदणाट ऐकून घरी आलेला माणूस शांतता मागेल, असं कुणालाही वाटेल. दादा घरी यायचा, हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि डूम मेटल, म्हणजे मेटलमधलं ते संथ, जड संगीत, लावायचा. आई म्हणायची, "अरे, दिवेलागणीला हे कसलं रडगाणं?" तो आवाज थोडा कमी करायचा, गाणं मात्र बदलायचा नाही.

कंपनीत शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलाने त्याला एमपी३ची सीडी भरून दिली होती. पण त्याला या संगीतात धरून ठेवलं ते टोनी आयोमीच्या गोष्टीने. बर्मिंगहॅमचा हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथला त्याचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून फक्त गिटार. त्याच दिवशी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक तुटलं. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोपणं बनवली आणि पुन्हा वाजवायला लागला. पुढे दुखऱ्या बोटांना सोसावं म्हणून त्याने तारा सैल केल्या. सैल तारेचा सूर खाली उतरतो, जड होतो. मेटलमधला तो खर्जातला, छातीवर बसणारा आवाज असा एका जखमेला सांभाळून घेताना आणखी खोल गेला. प्रेसवर बोटं गमावलेली माणसं दादाच्या रोजच्या ओळखीची होती. आयोमीबद्दल तो आपल्याच शिफ्टमधल्या कुणाबद्दल बोलावं तसा बोलायचा.

आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. सुरुवातीला पाऊस पडतो, ढग गडगडतात, लांबवर चर्चची घंटा वाजते आणि मग गिटारचे तीनच सूर येतात. एका रविवारी दादा ते ऐकत होता. बाबा पेपर बाजूला ठेवून दाराशी येऊन उभे राहिले. बाबांनी जन्मभर उस्ताद अमीर खाँ ऐकलेले. थोडं ऐकून ते म्हणाले, "षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून सरळ तीव्र मध्यम. पंचमावर टेकतच नाही. टेकायला जागा दिली नाही की मन असं अधांतरी राहतं." मग त्यांनी दादाला अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकवला. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि षड्जसुद्धा जपून, क्वचित लावायचा. चौदा मात्रांचा झुमरा ताल इतका संथ की पुढची मात्रा येईपर्यंत श्वास अडकून राहावा. दादा शेवटपर्यंत ऐकत बसला होता. त्या दिवसानंतर आमच्या घरात त्या दोन संगीतांचं भांडण कधी झालं नाही.

दादाचा खरा जीव होता तो गॉथिक डूमवर. हे संगीत १९९०च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये उमललं. हॅलिफॅक्सचा पॅराडाइज लॉस्ट, ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड आणि लिव्हरपूलचा अनाथेमा हे तिन्ही बँड पीसव्हिल या एकाच छोट्या रेकॉर्ड कंपनीचे. हॅलिफॅक्स आणि ब्रॅडफर्ड ही लोकरीच्या गिरण्यांची गावं. ही मुलं वाढली तोवर बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या आणि १९८४-८५च्या संपानंतर कोळशाच्या खाणीही एकेक करून मिटत चालल्या होत्या. आसपास ओसाड माळ, मठांचे भग्न अवशेष, वर्षातले कितीतरी महिने न उघडणारं आभाळ. पॅराडाइज लॉस्टने १९९१च्या 'गॉथिक' या अल्बममध्ये जड गिटारांच्या शेजारी स्त्रीचा आवाज आणि वाद्यवृंदाचा साज ठेवला. माय डाइंग ब्राइडने १९९३च्या 'टर्न लूज द स्वान्स'मध्ये व्हायोलिनला असं स्थान दिलं की गिटारांनी भिंत उभी करावी आणि व्हायोलिनने तिला टेकून रडावं. त्यांचा तेव्हाचा गायक एरन स्टेनथॉर्प एकाच गाण्यात खोल घशातून गुरगुरतो आणि मग साध्या, थकलेल्या आवाजात गातो. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने पुढे तो गुरगुराट पुरुषाकडे ठेवला आणि निर्मळ गाणं स्त्रीकडे दिलं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गुरगुराट राक्षसी वाटतो. मलाही तो बरेच दिवस परका होता. दादा म्हणायचा, "शब्द समजून घ्यायला जाऊ नकोस. माणूस फार दुखलं की असाच आवाज काढतो." तेव्हा मी मान हलवली होती.

२०१४ साली दादा गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची चाळिशीसुद्धा आली नव्हती. त्या सकाळी आईच्या तोंडून जो आवाज निघाला त्यात एकही शब्द नव्हता. तो मी त्याआधी फक्त दादाच्या सीडींवर ऐकला होता.

दहावं झालं, तेरावं झालं, घर पुन्हा रिकामं झालं. येणारी माणसं प्रेमाची होती. "आता सावर," "आईबाबांसाठी तरी खंबीर हो," असं प्रत्येक जण सांगून जायचा. मी सावरलेली दिसायचे. ऑफिस, स्वयंपाक, आईच्या गोळ्या, सगळं वेळेवर व्हायचं. फक्त शोकाला वेळ कुठे द्यायचा हे कळत नव्हतं, कारण सगळ्या दिवसाचा वेग त्याच्या विरुद्ध होता. तेव्हा मी दादाची खोली उघडून त्याच्या सीडी ऐकायला लागले.

या संगीताची ओढ कशात आहे ते मला तिथे उमगलं. गती मिनिटाला साठ ठोक्यांच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. गाणं दहा-बारा मिनिटांचं. एकच सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक खोल उतरते. ती मला कुठेही पोचवायला निघालेली नसते. दुःखाची चालही हीच आहे: तीच आठवण, तोच शेवटचा फोन, तीच चप्पल दाराशी. बाकी सगळं जग मला पुढे ओढत असताना हे संगीत माझ्या चालीने माझ्यासोबत चालत होतं. त्या खोलीत मला कितीतरी महिन्यांनी मोकळं रडू आलं, आणि रडून उठल्यावर भूक लागली.

पुढे मला फिनलंडच्या युहा रायव्हिओची कहाणी कळली. तो स्वॅलो द सन या डूम बँडचा गिटारवादक. ॲलिया स्टॅनब्रिज ही दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली गायिका त्याची सहचरी. दोघांनी मिळून ट्रीज ऑफ इटर्निटी हा बँड उभा केला होता. एप्रिल २०१६मध्ये ॲलिया कर्करोगाने गेली. त्यांचा 'आवर ऑफ द नाइटिंगेल' हा अल्बम त्याच वर्षाच्या अखेरीस आला तेव्हा तो ऐकायला ती नव्हती. रायव्हिओने मग तिच्या मागे राहिलेल्या कविता आणि ओळी घेतल्या, त्यांना चाली लावल्या आणि हालातार या नावाने २०१७मध्ये 'नो स्टार्स अपॉन द ब्रिज' हा अल्बम केला. अमॉर्फिसच्या टोमी योत्सेनने तिचे शब्द गायले. तो अल्बम सुंदर आहे असं म्हणायला जीभ अडखळते, इतका तो उघडा आहे. तरी मी तो पुन्हा पुन्हा ऐकते. ज्याचं सगळं गेलं त्या माणसाने स्वर लावले, वाक्यं जुळवली, चार माणसांना बोलावून त्यांच्याकडून ती वाजवून घेतली. शोकाला आकार देण्याइतकी ताकद त्याला शोकातूनच मिळाली, असं मी मानते. हा अल्बम दादाने ऐकला नाही, याची हळहळ मला दर वेळी वाटते. त्याच्याशी बोलायला मला एवढं एक गाणं हवं होतं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते अजून मारवा लावतात, मी माय डाइंग ब्राइड लावते, आणि आम्ही दोघं आपापल्या परीने त्याच मुलाची आठवण काढतो. काळं चित्र, काळे कपडे आणि मृत्यूचे शब्द बघून लोकांना वाटतं की या संगीताने माणूस अंधारात ओढला जातो. मी अंधारात आधीच होते. तिथे माझ्याजवळ येऊन बसलं ते हे संगीत.

तुमच्या घरात कुणी दार लावून असं संथ, जड, रडवेलं काही ऐकत असेल, तर ते बंद करायला सांगू नका. दार वाजवा, आत जा, आणि एक गाणं पूर्ण होईपर्यंत त्याच्याजवळ बसा. बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. सावरायची घाई मात्र त्याला करू नका.